संघ हरला की मालकाचं काय जातं?

कॉलेज रोडवर रात्री उशिरा एकत्र बसून सामने बघणाऱ्या मुलामुलींच्या एका गटाने मला लांबलचक प्रश्न पाठवला आहे. त्यातली तक्रार थोडक्यात अशी : इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरली तरी मालक जागचे हलत नाहीत. आपल्या जवळचा म्हणावा असा पुण्याचा संघ कधीच गेला. मुंबई सिटीतून परदेशी मालक बाहेर पडले. मालकांना या सगळ्याचा खरंच काही फरक पडतो का? आम्ही सामने बघणं, जर्सी घेणं बंद करावं का? आणि नाशिकमध्ये बसून आमचं ऐकणार कोण?

मी नाशिकमध्ये सीए म्हणून काम करते. सहकारी संस्था, क्रीडा मंडळं, ट्रस्ट यांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि फुटबॉलचं वेड त्याहून जुनं आहे. त्यामुळे मी उत्तर देणार ते हिशेबाच्या बाजूने. प्रशिक्षक कोण हवा, बचावफळीत तीन खेळाडू हवेत की चार, हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. मालकाचा ताळेबंद उघडून बघणारे फार थोडे, आणि तुमच्या चिडण्याचं मूळ तिथेच आहे.

चिडलेला चाहता मनातल्या मनात एक गोष्ट गृहीत धरतो : संघाचं नुकसान म्हणजे मालकाचं नुकसान. त्यामुळे संघ सतत हरत राहिला की आज ना उद्या मालक शहाणा होईल किंवा निघून जाईल, असं त्याला वाटतं. हे गृहीतक आधी तपासा. संघ हरला की मालकाच्या खिशातून नेमकं काय जातं? प्रत्येक क्लबचं उत्तर वेगळं निघतं आणि तुम्ही काय करावं हे त्या उत्तरावर ठरतं.

याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडतं, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या त्यांच्या खेळात. डॅनियल स्नायडर यांनी १९९९ मध्ये वॉशिंग्टनचा संघ स्टेडियमसकट ८० कोटी डॉलरला घेतला. त्याआधी या संघाने तीनदा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलं होतं. स्नायडर यांच्या २४ वर्षांत संघाला बाद फेरीतले फक्त दोन सामने जिंकता आले. जिथे सीझन तिकिटासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तिथे खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. कार्यालयातल्या वागणुकीबद्दल चौकशा झाल्या, लीगने ६ कोटी डॉलरचा दंड केला. आणि २०२३ मध्ये हाच संघ विकला गेला ६०५ कोटी डॉलरला.

८० चे ६०५ झाले, संघ रसातळाला जात असताना. हे कसं घडलं ते समजून घ्या. त्या लीगमध्ये संघ ३२. देशपातळीवरच्या टीव्ही कराराचे पैसे सगळ्या संघांना सारखे मिळतात, पहिला आला काय आणि शेवटचा आला काय. खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची भीती नाही. उलट जो तळाला राहतो त्याला पुढच्या वर्षी महाविद्यालयातून येणाऱ्या नव्या खेळाडूंमध्ये पहिली निवड मिळते. शिवाय लीग नवी जागा सहसा काढत नाही, म्हणून असलेल्या जागेचा भाव चढत राहतो. २०२३ साली विकत घेणाऱ्यांनी पैसे मोजले ते त्या बत्तीसातल्या एका जागेसाठी. फ्रँचायझी म्हणतात ती ही. तिथे चाहत्यांनी कितीही घोषणा दिल्या तरी मालकाच्या मुख्य कमाईला धक्का लागत नाही.

आता तुमच्या युनायटेडकडे येऊ.

२००५ पूर्वी क्लबवर कर्ज नव्हतं. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने तो सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, त्यातला मोठा भाग कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच टाकला. म्हणजे ज्या क्लबला विकत घेतलं त्याच्याच उत्पन्नातून त्याच्या खरेदीचं व्याज जायला लागलं. हे बेकायदेशीर नव्हतं, आणि खरी अडचण तीच आहे. प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २०१३ पर्यंत जिंकत राहिले म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला काही जाणवलं नाही. त्यांच्या शेवटच्या वर्षी विसावं लीग विजेतेपद आलं. त्यानंतर एकही आलेलं नाही.

२०१२ मध्ये कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदवली गेली. तेव्हा शेअरचे दोन वर्ग केले : बाजारात मिळणाऱ्या शेअरला एक मत आणि कुटुंबाकडच्या शेअरला दहा मतं. मला अनेक तरुण विचारतात की जगभरातल्या चाहत्यांनी मिळून शेअर घेतले तर? घ्या, पण दहास एक या रचनेत तुमचा आवाज सभेपर्यंत पोहोचला तरी मतमोजणीत हरतो. विक्रीतून आलेला पैसाही सगळा कर्जफेडीला गेला नाही, निम्म्याच्या आसपास कुटुंबाकडे गेला.

तुम्ही ज्या हंगामाबद्दल लिहिलं आहे तो २०२४-२५ चा. पंधरावा क्रमांक, ४२ गुण, १९७४ मध्ये क्लब खालच्या विभागात गेला होता त्यानंतरची सगळ्यात वाईट कामगिरी. वर बिल्बाओतल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून हार. आणि त्याच आर्थिक वर्षात क्लबचं उत्पन्न इतिहासातलं सर्वाधिक : ६६ कोटी ६५ लाख पौंड. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वर्ष तोट्यात संपलं हे खरं, पण प्रायोजक, तिकीट, दौरे यांतून येणारा पैसा पंधराव्या क्रमांकावरही थांबला नाही. चाहत्याची निष्ठा इतकी घट्ट असते की ती पराभवाचा दणका मालकापर्यंत पोहोचूच देत नाही. हे मला फार लागतं, कारण निष्ठा हा या खेळातला सगळ्यात सुंदर भाग आहे आणि ताळेबंदात ती मालकाच्या बाजूने मांडली जाते.

पण इथे एका गोष्टीत न्याय करायला हवा. ‘मालक पैसा खर्च करत नाहीत’ हा आरोप युनायटेडच्या बाबतीत टिकत नाही. फर्ग्युसन गेल्यानंतर खेळाडू विकत घेण्यावर या क्लबने युरोपात मोजक्याच क्लबांनी केला असेल इतका खर्च केला. व्याज आणि लाभांश यांत किती गेलं, ओल्ड ट्रॅफर्डची डागडुजी का रखडली, खेळाडू निवडण्याची नीट यंत्रणा इतकी वर्षं का नव्हती, नवे भागीदार सर जिम रॅटक्लिफ आल्यावर शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या का गेल्या, हे प्रश्न टिकतात. तक्रार करायची तर टिकेल अशीच करावी. एक कच्चा आरोप बाकीच्या पक्क्या आरोपांना बुडवतो, हे मी संस्थांच्या वार्षिक सभांमध्ये वारंवार पाहिलं आहे.

मालकाचा तिसरा प्रकार ब्लॅकपूलला दिसला. हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं लहान शहर. क्लब २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, एका हंगामातच खाली आला, पण त्या एका हंगामाचा टीव्हीचा पैसा क्लबच्या मानाने प्रचंड होता. पुढची काही वर्षं संघ घसरत घसरत चौथ्या पातळीपर्यंत गेला आणि चाहते विचारत राहिले की पैसा कुठे आहे. त्यांनी ‘यापुढे एक पेनीही नाही’ म्हणत बहिष्कार घातला. घरच्या मैदानाबाहेर उभे राहायचे, आत जायचे नाहीत. वर्षानुवर्षं. ज्यांनी लहानपणापासून एकही सामना चुकवला नव्हता अशा म्हाताऱ्या माणसांनी हे केलं. त्यांच्या जिद्दीला माझा मनापासून नमस्कार आहे.

पण मालक गेले ते कशामुळे? व्हॅलेरी बेलोकॉन नावाचे एक लॅटव्हियन अल्पसंख्य भागधारक होते. त्यांनी कंपनी कायद्याखाली दावा लावला. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की बहुसंख्य भागधारक ऑयस्टन कुटुंबाने क्लबमधून गैररीतीने पैसा काढून घेतला, आणि बेलोकॉन यांचे शेअर ३ कोटी १२ लाख पौंडांहून जास्त किमतीला विकत घ्या असा आदेश दिला. ते पैसे पूर्ण भरले गेले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने रिसीव्हर, म्हणजे मालमत्तेचा ताबा घेणारा अधिकारी, नेमला, क्लब ओवेन ऑयस्टन यांच्या हातून गेला आणि ९ मार्चला चाहते परत आत गेले. बहिष्काराने क्लबचं उत्पन्न घटवलं, प्रकरण सतत बातम्यांत ठेवलं. पण निर्णायक घाव घातला तो शेअर सर्टिफिकेट हातात असलेल्या माणसाने.

म्हणून मी तुम्हाला सांगते की घोषणेइतकंच लक्ष कागदाकडे द्या. इंग्लंडमधल्या कंपन्यांचे वार्षिक हिशेब सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. युनायटेड अमेरिकेत नोंदलेली असल्यामुळे तिचा सविस्तर वार्षिक अहवाल तिथल्या बाजार नियामकाकडे सगळ्यांना खुला आहे. आपल्याकडे बहुतेक क्लब खासगी कंपन्या आहेत. त्यांचे दाखल केलेले ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून कुणालाही बघता येतात. तुमच्या गटात कॉमर्सची मुलं असतीलच. त्यांना बसवा.

ताळेबंद उघडला की आधी नफा-तोट्याकडे धावू नका. फुटबॉल क्लब तोट्यात असणं नवीन नाही. मी सगळ्यात आधी ‘संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार’ ही टीप वाचते. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला क्लब भाडं देतो का, सल्लामसलतीची फी देतो का, उसनवार देतो का? ब्लॅकपूलसारखी प्रकरणं याच टिपेत पहिल्यांदा डोकं वर काढतात. मग बघायचं की मालकाने घातलेला पैसा भांडवल म्हणून घातला आहे की कर्ज म्हणून. दोन्हीही वर्तमानपत्रात ‘मालकाची गुंतवणूक’ म्हणूनच छापून येतं, पण कर्ज तो उद्या परत मागू शकतो. नंतर तारण : क्लबच्या मालमत्तेवर, येणाऱ्या उत्पन्नावर कुणाचा बोजा चढवला आहे का? आणि शेवटी लेखापरीक्षकाचा अहवाल. ‘संस्था पुढे चालू राहण्याबाबत अनिश्चितता’ अशा अर्थाचा परिच्छेद त्यात आला असेल तर समजा की पुढच्या वर्षी खेळाडूंचे पगार थकण्याची दाट शक्यता आहे. क्लबने खेळाडूंचे किंवा दुसऱ्या क्लबचे पैसे बुडवले आणि त्यामुळे नवे खेळाडू नोंदवायला बंदी आली, तर तीही फिफा जाहीर करते.

आता आपल्याकडचं. इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण परदेशातली घोषणा जशीच्या तशी उचलून इथे लावली की नुकसान होतं.

महाराष्ट्रात संघ बुडाले ते मालक फार कमावून बसले म्हणून नव्हे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, चांगली अकादमी बांधली, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये संपला. भारत एफसी पुण्यातच एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसला नाही. मग इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी पुणे सिटी, २०१४ पासून. २०१७-१८ मध्ये हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता. बालेवाडीला सामना बघायला नाशिकहून गाड्या करून जाणारी मुलं मला माहीत आहेत. २०१९ मध्ये मालकांच्या आर्थिक अडचणींत तो गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबाद २०२१-२२ मध्ये विजेता झाला, पण पुढे तिथेही पगार थकले आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलवून त्याचं नावही बदललं गेलं. म्हणजे पुण्याची जागा सहा वर्षांत दोन शहरं फिरून आली आणि मागे दोन शहरांतले चाहते संघाविना राहिले.

या सगळ्या प्रकरणांत समान काय? मालक दरवर्षी पैसा ओतत होता आणि परत काही येत नव्हतं. आयएसएलच्या क्लबांना वर्षानुवर्षं कोट्यवधींची फ्रँचायझी फी भरावी लागली आणि लीगच्या सामायिक उत्पन्नातून मिळणारा वाटा खर्चाच्या मानाने तोकडा राहिला. लीगमधून खाली ढकललं जाण्याची भीती या सगळ्या वर्षांत इथेही नव्हती, त्यामुळे जागा सुरक्षित. पण वॉशिंग्टनमध्ये जागेचा भाव चढत गेला, इथे तसं झालं नाही. मुंबई सिटीचं बघा. मँचेस्टर सिटीची मालक कंपनी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यांच्या काळात क्लबने दोनदा लीग शील्ड (साखळीत पहिलं येण्याचा मान) आणि दोनदा आयएसएल चषक जिंकला. घसरण म्हणावी असं मैदानावर काहीच नव्हतं. तरी डिसेंबर २०२५ मध्ये ते बाहेर पडले, कारण भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारा त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातला १५ वर्षांचा करार संपत आला, नवा झाला नाही, आणि २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. ज्या धंद्याचं पुढचं वर्ष ठाऊक नाही त्यात कोण पैसा गुंतवून ठेवेल?

थोडक्यात, तिकडे मालक कमावतो म्हणून जात नाही आणि इकडे कमावत नाही म्हणून टिकत नाही. तुमच्या प्रश्नात दोन्ही एकाच रागाने लिहिलं आहे. तो राग मला कळतो, पण उपाय उलट आहेत. युनायटेडच्या दुकानातून जर्सी घेणं थांबवलंत तर मालकाला किंचित का होईना झळ बसते. मुंबईच्या संघाकडे पाठ फिरवलीत तर आधीच दमलेल्या मालकाला निघून जायला कारण मिळतं. कोचीची गोष्ट वेगळी. तिथे केरळ ब्लास्टर्ससाठी हजारो लोक स्टेडियममध्ये येतात, म्हणून २०२४-२५ मध्ये मंजप्पडा या चाहत्यांच्या गटाने व्यवस्थापनाविरुद्ध आवाज उठवला तेव्हा त्याला वजन होतं. रिकाम्या स्टँडला बहिष्काराची धमकी देता येत नाही. अंधेरीत सामना असेल तर माझा सल्ला सरळ आहे : जा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो आणि रात्री परतणंही सोपं झालं आहे. तिकीट काढून जा आणि तिथे बसून प्रश्न विचारा.

मागणी कशी करावी याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण चाहते इथेच हरतात.

‘मालक हटाव’ ही मागणी मालकाशिवाय कुणीच पूर्ण करू शकत नाही. २०१० मध्ये युनायटेडच्या चाहत्यांनी हिरवे-सोनेरी स्कार्फ घालून स्टेडियम भरून टाकलं. क्लबची स्थापना १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी केली, ते त्यांचे रंग. दृश्य विलक्षण होतं. मालक तेच राहिले. याच्या शेजारी कोलकात्याचा मोहन बागान ठेवा. २०२० मध्ये १८८९ सालच्या या क्लबचा फुटबॉल विभाग एटीके हा कोलकात्यातलाच दुसरा संघ चालवणाऱ्या उद्योगसमूहाच्या कंपनीत गेला, त्या समूहाकडे ८० टक्के हिस्सा, आणि नाव झालं एटीके मोहन बागान. चाहत्यांची मागणी तीन अक्षरांची होती : एटीके काढा. प्रत्येक सामन्यात, प्रत्येक फलकावर तेवढंच. संघ जिंकत असतानाही त्यांनी ती सोडली नाही, हे विशेष. मार्च २०२३ मध्ये संघाने गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलचा अंतिम सामना जिंकला आणि त्याच रात्री समूहाचे प्रमुख संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याची घोषणा केली. १ जूनपासून ते मोहन बागान सुपर जायंट झालं. मालकाला फार काही गमवावं लागत नव्हतं आणि चाहत्यांना सगळं परत मिळत होतं, म्हणून ते झालं. वेल्समधल्या कार्डिफचंही तसंच. मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली, २०१५ च्या जानेवारीत ती परत निळी झाली.

मागणी कागदावर उतरली की ती पुढच्या मालकालाही बांधते. क्लीव्हलँडचे चाहते या बाबतीत मला गुरुस्थानी आहेत. १९९५ मध्ये त्यांच्या ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मालकाने संघ बाल्टिमोरला हलवायचं जाहीर केलं. शहराने स्टेडियमच्या भाडेकरारावर बोट ठेवलं : करार १९९८ पर्यंत आहे, मोडता येणार नाही. न्यायालय, मग तडजोड. खेळाडू बाल्टिमोरला गेले, पण नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडमध्ये राहिला आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. नवा संघ बहुतेक वेळा हरतच आला, आणि बाल्टिमोरला गेलेल्यांनी पुढे सुपर बोल जिंकलं, हेही सांगायला हवं. करार तुम्हाला जिंकवत नाही. पण कुणी तुमचा संघ रातोरात उचलून नेऊ शकत नाही एवढं तो करतो. पुण्याकडे असा एक कागद असता तर?

लंडनच्या विम्बल्डनकडेही नव्हता. १९८८ चा एफए चषक जिंकलेला तो क्लब, २००२ मध्ये त्रिसदस्यीय आयोगाने त्याला मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा नवा क्लब काढला, तळाच्या लीगपासून चढत २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आणला आणि २०२० मध्ये प्लाउ लेनला, आपल्या जुन्या भागात, परत नेला. इंग्लंडला यातून धडा घ्यायला वेळ लागला, पण जुलै २०२५ मध्ये तिथे फुटबॉल नियमनाचा कायदा आला. त्या कायद्याप्रमाणे मैदान विकायचं, चिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर मालकाची एकट्याची मर्जी पुरत नाही.

तुमच्यातल्या एकीने विचारलं आहे की जर्मनीसारखं सभासदांच्या हातात क्लब दिला तर सगळे प्रश्न सुटतील का. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की एक-दोन अपवाद सोडता क्लबच्या ५० टक्क्यांहून एक मत जास्त सभासदांच्या संस्थेकडे राहिलं पाहिजे. त्याचा उपयोग होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत लीगला बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा बेत होता, चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानावर टेनिसचे चेंडू टाकून सामने थांबवले आणि बेत सोडून द्यावा लागला. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण मी नाशिक जिल्ह्यात काम केलेली बाई आहे. सभासदांच्या मालकीचा निफाडचा साखर कारखाना वर्षानुवर्षं बंद पडलेला आपण सगळ्यांनी पाहिला. सभासदांना मत होतं. बार्सिलोनाही सभासदांचा क्लब, तरी २०२१ मध्ये देणी एक अब्ज युरोच्या वर गेली आणि मेस्सीला ठेवता आलं नाही. मतदानाचा हक्क मिळाल्यावरही दरवर्षी ताळेबंद वाचणारे, सभेत उभे राहून विचारणारे सभासद लागतात. ते नसतील तर एका मालकाच्या जागी एक संचालक मंडळ येतं, इतकंच.

आता नाशिकमध्ये बसून कोण ऐकणार, याबद्दल.

तुम्ही गेटवर पैसे देत नाही, म्हणून क्लब तुम्हाला मोजत नाही असं समजू नका. टीव्हीचे आणि प्रायोजकांचे करार तुमच्यासारख्या दूरच्या प्रेक्षकांच्या जोरावरच होतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये युनायटेडसह सहा इंग्लिश क्लबांनी युरोपातल्या बड्या क्लबांची वेगळी सुपर लीग जाहीर केली आणि दोन-तीन दिवसांत ते मागे फिरले. २ मे रोजी चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले, लिव्हरपूलचा सामना पुढे ढकलावा लागला. त्या सगळ्या गोंगाटात एक गोष्ट झाली तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही : चाहत्यांनी प्रायोजकांच्या मालावर बहिष्काराची हाक दिली आणि त्याच आठवड्यात द हट ग्रुप या कंपनीने युनायटेडच्या सराव जर्सीच्या सुमारे २० कोटी पौंडांच्या करारातून माघार घेतल्याच्या बातम्या आल्या. मालक चाहत्यांना उत्तर देत नाहीत. प्रायोजक ग्राहकांना देतात. सराव जर्सीवर कुणाचं नाव आहे आणि ती कंपनी भारतात काय विकते, हे बघा आणि त्यांच्या ग्राहक विभागाला सभ्य भाषेत, सह्यांसह लिहा.

त्या सह्यांना वजन हवं असेल तर गट नोंदवून घ्या. महाराष्ट्रात सात जण मिळून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करता येते. घटना लिहा, बँकेत खातं काढा, दरवर्षी हिशेब तपासून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे, मला ठाऊक आहे. पण व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या पत्राला क्लब उत्तर देत नाही आणि नोंदणी क्रमांक असलेल्या संस्थेच्या पत्राला निदान पोच देतो. विम्बल्डनचा आजचा क्लबही चाहत्यांच्या अशाच नोंदणीकृत ट्रस्टच्या मालकीचा आहे. वर्गणी जमा झाली की तिचा काही भाग जिल्ह्यातल्या मुलांच्या स्पर्धेला द्या. मुलांना बूट आणि चेंडू लागतातच, आणि मैदान भाड्याने घ्यायला पैसे लागतात. शिवाय जिल्हा संघटनेत तुमची ओळख झाली की राज्य संघटनेत आपल्या भागाच्या वतीने कोण बसतं आणि काय बोलतं, हेही तुम्हाला विचारता येईल.

मुंबईच्या क्लबला पहिलं पत्र लिहाल तेव्हा त्यात राग एका वाक्यात संपवा आणि चार गोष्टी विचारा. क्लबचं नाव, चिन्ह आणि रंग कुणाच्या नावावर नोंदले आहेत आणि मालक बदलला तर ते कुणाकडे राहतील? स्टेडियमचा करार किती वर्षांचा आहे? पुढच्या हंगामाच्या पगारांची तरतूद वेगळी बाजूला ठेवली आहे का? आणि वर्षातून एकदा चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर हिशेब मांडायला व्यवस्थापन तयार आहे का? पत्र मराठीत लिहा, सोबत इंग्रजी प्रत जोडा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. मसुदा तयार झाला की शनिवारी दुपारनंतर माझ्या ऑफिसात घेऊन या, मी वाचून देईन.